पेडल स्टील गिटारचे गुडघ्याचे लिव्हर नेमके कधी आणि कसे वापरायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हवाईयन गिटारवर बरीच वर्षं हात बसलेला आहे, आता म्हापशाला घरी दहा तारांची पेडल स्टील (पायाने आणि गुडघ्याने तारांचे सूर बदलता येणारी गिटार) आली आहे, ट्यूनिंग ई नाईन (या वाद्याची रूढ तारजुळणी), तीन पेडल आणि पाच लिव्हर. पायाचे ए आणि बी पेडल जमतात, पण गुडघा हलवला की सूर बिघडतो. कुठला लिव्हर कुठे लावायचा याचे तक्ते पाठ केले, तरी वाजवताना काहीच आठवत नाही.

तक्त्यांनी हे येणार नाही. तक्त्यात प्रत्येक लिव्हरसमोर एका कॉर्डचं नाव लिहिलेलं असतं, आणि लिव्हर कॉर्ड वाजवतच नाही. तो एखादा सूर जरासा वर किंवा खाली नेतो, बाकीच्या तारा होत्या तिथेच वाजत राहतात. कुठला सूर हलला आणि कुठला थांबला हे कानाने धरलं की कॉर्डचं नाव मागाहून आपोआप सापडतं. मी फोंड्याचा, घरात नाट्यसंगीत ऐकत वाढलेला. मला हे वाद्य उलगडलं ते सगळे बदल सरगममध्ये लिहून काढल्यावर. तुम्हीही तेच करा.

मोकळ्या तारांमधला ई हा सा धरा. तुमच्यापासून सगळ्यात लांबची तार पहिली. तिथून जवळ येत गेलं की दहा तारा अशा लागतात: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. पहिल्या दोन तारा चढ-उताराच्या क्रमात बसत नाहीत. सगळ्यात उंच सूर तिसऱ्या तारेचा, हे लक्षात ठेवा.

आता बदल. ए पेडल प ला ध करतो. बी पेडल ग ला शुद्ध म करतो. सी पेडल वरच्या सा ला रे आणि त्याच्या शेजारच्या प ला ध करतो. डावा गुडघा डावीकडे नेला की दोन्ही सा कोमल रे होतात, हा एफ लिव्हर. तोच गुडघा उजवीकडे नेला की दोन्ही सा उतरून नी होतात, हा ई लिव्हर. डावा गुडघा वर उचलला की प तीव्र म होतो. उजव्या गुडघ्याचे लिव्हर वाद्यागणिक वेगळे असतात. बहुतेक वाद्यांत एक लिव्हर पहिल्या तारेचा रे वर चढवतो, दुसरा दुसऱ्या तारेचा नी कोमल करतो आणि नवव्या तारेचा कोमल नी ध पर्यंत उतरवतो. ही मांडणी अमेरिकन पेडल स्टील वादक बडी एमन्स यांच्या नावाने ओळखली जाते. जिमी डे यांच्या नावाच्या मांडणीत पेडल उलट क्रमाने असतात आणि डाव्या गुडघ्याच्या दिशाही उलट. तुमचं वाद्य कुठल्या मांडणीचं आहे ते तारेवर नख मारून, एकेक लिव्हर हलवून तपासा आणि स्वतःच्या हाताने कागदावर लिहा.

हे लिहून झालं की एक सुंदर गोष्ट दिसते. बार (तारांवर सरकवायचा धातूचा दांडा) एकाच फ्रेटवर (तारांखालच्या आडव्या रेषेवर) ठेवून शुद्ध स्वरांच्या सप्तकातल्या सातही कॉर्ड मिळतात. काहीच न दाबता सा-ग-प. बी आणि सी दाबले की रे-म-ध. ई लिव्हरने ग-प-नी. ए आणि बी ने म-ध-सा. पुन्हा ई लिव्हर, पण ग च्या तारा सोडून रे च्या तारा घेतल्या की प-नी-रे. नुसत्या ए पेडलने ध-सा-ग. ई लिव्हर आणि बी पेडल एकत्र दाबून नी-रे-म. सातांपैकी तीन कॉर्ड एकट्या ई लिव्हरवर उभ्या आहेत, म्हणून माझा ठाम सल्ला: बाकीचे चार लिव्हर विसरा आणि आधी तोच शिका.

सुरुवात तिसऱ्या फ्रेटवर करा. तिथे तुमचा सा जी होतो. चौथी, पाचवी आणि सहावी तार एकत्र छेडा: सा, प, ग. तारा वाजत असतानाच गुडघा सावकाश उजवीकडे न्या. सा उतरून नी होईल, प आणि ग जागच्या जागी राहतील. मग परत या. हे मोबाइलवर केरव्याचा ठेका लावून करा. आधी चार मात्रांत उतरायचं आणि चार मात्रांत चढायचं, मग दोन-दोन, मग एक-एक. गुडघा किती वेगाने जातो यावर तुमचा ताबा पाहिजे. झटक्याने जाणारा लिव्हर लगेच ओळखू येतो आणि कानाला टोचतो.

ते बसलं की त्याला बी पेडल जोडा. त्याच तीन तारा, पण ई लिव्हर आणि बी पेडल दाबलेले. आता वाजतंय नी, प, म. ही डी सेव्हन्थ. आता दोन्ही एकाच क्षणी सोडा. नी वर चढून सा ला मिळतो, म खाली उतरून ग ला मिळतो, आणि मधला प अढळ. दोन सूर विरुद्ध दिशांनी, वेगवेगळ्या वेगाने सरकतात आणि एकत्र विसावतात. तुमच्या मांडीवरच्या हवाईयन गिटारवर हे करता येत नव्हतं, कारण सरळ धरलेला बार सगळ्या तारांना एकाच दिशेने नेतो. हे वाद्य शिकायचं कारण मला याच एका जागेत दिसतं. कितीही दिवस लागोत, ही जागा घाई न करता घोटा.

थोडा इतिहास इथे उपयोगी आहे. आधी पेडल असायचे ते मुख्यतः ट्यूनिंग बदलण्यासाठी. १९५४ साली अमेरिकन कंट्री गायक वेब पिअर्स यांच्या एका गाजलेल्या गाण्यात स्टील गिटार वादक बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबला आणि सूर सरकताना लोकांनी ऐकला. त्यांचा पेडल प आणि ग दोघांनाही एकदम हलवायचा. बडी एमन्स यांनी तेच काम ए आणि बी अशा दोन पेडलांत वाटलं, म्हणजे प्रत्येक सूर वेगळा हलवता येऊ लागला. गुडघ्याचे लिव्हर त्याच विचाराने पुढे आले.

आपल्याकडे गुडघ्याने वाद्य वाजवणं अगदीच नवं नाही. संगीत नाटकांच्या साथीला पायाने भाता हलवायचा ऑर्गन असे. त्या जातीच्या बऱ्याच ऑर्गनांना कीबोर्डखाली गुडघ्याने बाजूला सारायच्या पट्ट्या असत आणि त्यांनी आवाज फुलवता येई. तिथे गुडघा फक्त आवाज वाढवतो, इथे तो सूर हलवतो. पण बसण्याचा शहाणपणा दोन्हीकडे सारखाच.

आणि तुमचा गुडघा बिघडतो त्याचं कारण बहुतेक बसण्यातच आहे. हातांची प्लास्टिकची खुर्ची असेल तर आधी ती बाजूला करा. विनाहाताचं स्टूल घ्या. उंची अशी हवी की मांडी जमिनीला साधारण समांतर राहील आणि वाद्याच्या तळाला घासणार नाही. शरीराचा मध्य साधारण पंधराव्या फ्रेटसमोर. डावं पाऊल पेडलवर ठेवलं की दोन्ही बाजूंचे लिव्हर मांडीपासून बोटभर अंतरावर असले पाहिजेत. लांब असतील तर गुडघा शोधत जातो आणि आपटतो, चिकटलेले असतील तर नुसता पेडल दाबतानाही लिव्हर थोडा हलतो. सूर ‘उगीच’ बिघडल्यासारखा वाटतो तेव्हा निम्म्या वेळा हेच झालेलं असतं. लिव्हर किती दूर थांबावा यासाठी स्क्रू असतात, त्यांनी जागा लावून घ्या. गोव्यातल्या जुन्या घरांच्या बाल्कांवात (दारापुढच्या पडवीत) जमीन बऱ्याचदा उतरती असते, तिथे वाद्य मांडलं तर वाद्याचे पाय आणि पेडलच्या सळ्या पुन्हा जुळवाव्या लागतील. शक्यतो आतल्या खोलीत एकच जागा ठरवा.

पाय पेडलवरून न उचलता मांडी घोट्यावर फिरवायची, ही मुख्य हालचाल. वर उचलायच्या लिव्हरला मात्र बोटं पेडलवर ठेवून टाच वर घ्यावी लागते.

यातूनच दुसरा लिव्हर सोपा होतो, एफ. एमन्स मांडणीत ए पेडल डावीकडे आहे. तुम्ही बी सोडून पाऊल ए कडे कलवता तेव्हा गुडघाही आपोआप डावीकडे जातो आणि तिथे एफ लिव्हर उभाच असतो. ए आणि एफ एकत्र दाबले की प चा ध झाला, सा चा कोमल रे झाला, ग तसाच. आता ध ला सा मानून ऐका: तो कोमल रे त्याचा गांधार आणि ग त्याचा पंचम. म्हणजे पूर्ण मेजर कॉर्ड, मूळ सा पासून तीन अर्धस्वर खाली. म्हणून बार तीन फ्रेट पुढे नेला की मूळ कॉर्डच परत मिळते, फक्त एक पायरी वरची. जी साठी: तिसरा फ्रेट मोकळा, सहावा फ्रेट ए आणि एफ ने, दहावा फ्रेट ए आणि बी ने, आणि पंधरावा पुन्हा मोकळा. तिसऱ्यावर तारा छेडून, बार सहाव्याकडे सरकत असतानाच ए आणि एफ आत घ्या. दोन्ही हालचाली एकाच वेळी पोचल्या पाहिजेत.

इथे सूर कमी वाटेल, आणि तो खरंच कमी असतो. ट्यूनरवरची हिरवी खूण या वाद्यात पुरेशी नाही. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गांधार ट्यूनरच्या गांधारापेक्षा साधारण १४ सेंट (एका अर्धस्वराचे शंभर सेंट) खाली असतो, आणि कॉर्ड स्थिर लागावी म्हणून इथले गांधार तसेच खाली लावतात. ए पेडलचा ध हा म चा गांधार म्हणून लावला की तो १६ सेंट खाली येतो. एफ लिव्हरचा कोमल रे त्या ध चा गांधार, म्हणजे तो आणखी खाली, जवळजवळ ३० सेंट. म्हणून सहाव्या फ्रेटवर ए आणि एफ सोबत बार रेषेच्या किंचित पुढे धरायचा. सुरांच्या बाबतीत आपला कान तंबोऱ्यावर तयार झालेला असतो, त्याच्यावर विश्वास ठेवा. लावण्याचा क्रम असा: आधी मोकळ्या तारा खुंट्यांनी, मग उजव्या टोकाला असलेल्या नायलॉनच्या नटांनी पेडल आणि लिव्हर. एफ लिव्हर कधीही एकटा लावू नका, ए दाबून ठेवूनच लावा.

रागाबद्दल एक मत सांगतो, कारण तुम्ही पुढे तिकडे वळालच. मींडेसाठी लिव्हर वापरू नका. लिव्हरला सुरुवात आणि शेवट ठरलेला आहे, मधल्या श्रुतीवर रेंगाळणं त्याच्या स्वभावात नाही. मींड बारनेच घ्या, तुमचा हात तिथे तयार आहे. उचलायचा लिव्हर प वरून तीव्र म कडे नेतो म्हणून यमन त्याच्यावर वाजवायचा मोह होतो, पण तसा यमन कोरडा वाटतो. लिव्हरची खरी जागा दोन किंवा तीन स्वर एकत्र वाजत असताना आहे.

आणि त्यासाठी गोव्यात राहणाऱ्याला साहित्य शोधायला लांब जावं लागत नाही. मांडो, म्हणजे गोव्यातली पारंपरिक कोकणी गाणी, ऐका. गाणाऱ्याच्या खाली दुसरा आवाज तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराच्या अंतराने सोबत चालतो. तुमच्या पाचव्या आणि सहाव्या तारेत तिसऱ्याचं अंतर आहे, चौथ्या आणि सहाव्या तारेत सहाव्याचं. एखाद्या मांडोच्या चार ओळी घ्या, वरचा आवाज चौथ्या तारेवर आणि खालचा सहाव्यावर. जिथे एक आवाज थांबतो आणि दुसरा हलतो, तिथे बार थांबवून लिव्हर किंवा पेडल लावा. जिथे दोन्ही हलतात तिथे बार न्या. कुठला लिव्हर कधी, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर चाल स्वतःच देते.

पावसाची काळजी मात्र घ्या. इथल्या दमट, खारट हवेत तारा लवकर गंजतात आणि चेंजरमधले (तारा ताणणाऱ्या आणि सैल करणाऱ्या यंत्रणेतले) सांधे जड होतात. मग लिव्हर सोडल्यावर सूर पूर्ण परत येत नाही आणि आपण गुडघ्याला दोष देतो. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा, वाद्य झाकून ठेवा, सांध्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी एक थेंब. तिसऱ्या तारेचे जादा संच जवळ ठेवा. ती ०.०११ इंचाची असते आणि बी पेडलच्या ताणाने सगळ्यात आधी तीच तुटते.

तुमच्या वाद्यात उजव्या गुडघ्याचे दोन लिव्हर कुठल्या तारा हलवतात ते तपासून लिहा. पहिली तार कोमल ग पर्यंत जाते की शुद्ध ग पर्यंत, त्यावर पुढचा सराव बदलेल.