घरच्या रानात गव्हाचं नवं वाण तयार करता येईल का?

तुमचा प्रश्न असा: वडिलांपासून लोक-१ हे गव्हाचं वाण पेरताय, फेब्रुवारीत ऊन तापलं की दाणा बारीक पडतो, मग दोन वाणांचा संकर करून आपल्या रानाला मानवेल असा गहू स्वतः काढता येईल का, आणि विद्यापीठांना त्यासाठी दहा-बारा वर्षं का लागतात?

येईल. तुमचा लोक-१ सुद्धा गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती या ग्रामीण शिक्षणसंस्थेत झवेरभाई पटेलांनी काढलेला आहे. नावातला 'लोक' तिथलाच.

परभणीला शिकत असताना मी दोन रब्बी हंगाम हे काम हातानं केलंय. गव्हाच्या फुलाला त्याच फुलातला पराग लागतो, म्हणून ओंबी पोटरीतून (पानाच्या फुगलेल्या आवरणातून) बाहेर आली की लगेच बसावं लागतं. मधली फुलं खुडायची, तुसांची टोकं कात्रीनं छाटायची आणि चिमट्यानं प्रत्येक फुलातले तिन्ही परागकोष उचलायचे, तेही हिरवे असतानाच. एखादा पिवळा दिसला की ती ओंबी सोडून द्यायची. मग बटर पेपरची पिशवी आणि तारखेची चिठ्ठी. दोन-तीन दिवसांनी पिशवी उघडून दुसऱ्या वाणाचा पराग वर झटकायचा. एवढा खटाटोप करून एका ओंबीतून चिमूटभर दाणे हाती यायचे, पण ते मोजताना फार आनंद व्हायचा.

खरी परीक्षा पुढे असते. पहिल्या पिढीची झाडं सारखी दिसतात. दुसऱ्या पिढीत एक उंच, एक बुटकं, एक लवकर निसवलेलं (ओंबी बाहेर आलेलं), एक उशिरा. त्यातून ओंब्या निवडायच्या, पुढच्या वर्षी प्रत्येक ओंबीची वेगळी ओळ पेरायची, असं सहाव्या-सातव्या पिढीपर्यंत. वर्षाला हंगाम एकच. त्यानंतर ठिकठिकाणच्या चाचण्या. त्यात तांबेऱ्याची, म्हणजे गव्हावरच्या बुरशीच्या रोगाची, चाचणी घरी जमत नाही, आणि माझ्या मते तीच टाळू नये. तांबेरा निलगिरीच्या डोंगरात तग धरतो आणि वाऱ्याबरोबर आपल्याकडे येतो. त्याला बळी पडणारं वाण चांगल्या वर्षी कितीही देखणं दिसलं तरी भरवशाचं नाही.

एक चूक मात्र करू नका. शुद्ध लोक-१ मधल्या मोठ्या ओंब्या वेचून वाण सुधारत नाही. तो मोठेपणा खताचा, पाण्याचा असतो, बियात उतरत नाही. निवडीला मुळात फरक लागतो. तो संकरातून येतो, नाहीतर वर्षानुवर्षं मिसळत गेलेल्या घरच्या बियाण्यात सापडतो. खपली किंवा बन्सी या गव्हांचा लोक-१ शी संकर सुरुवातीला नको. त्यांची गुणसूत्रं २८, याची ४२. पुढची पिढी बरीचशी वांझ निघते.

तुमच्या जागी मी आधी निफाडच्या संशोधन केंद्राची दोन वाणं आणली असती: उशिरा पेरणीलाही चालणारं फुले समाधान आणि कमी पाण्यासाठीचं नेत्रावती. लोक-१ शेजारी दोन्हींच्या चार-चार ओळी नोव्हेंबरात पेरा आणि तेवढ्याच पुन्हा १५ डिसेंबरला. उशिराच्या ओळींचे दाणे भर उन्हात भरतात, म्हणजे उष्णतेची परीक्षा फुकटात होते. काढणीला प्रत्येक वाणाचे हजार दाणे मोजून सोनाराच्या काट्यावर तोला. डिसेंबरच्या ओळीत ज्याचं वजन सगळ्यात कमी घटेल, त्याला संकराचा एक पालक धरा.