गाऊटवर केवळ चिनी वनौषधी आणि पथ्य पुरेसे ठरेल का?

निपाणीच्या आपल्या काकांच्या पायाचा अंगठा गाऊटने (रक्तात युरिक आम्ल वाढून त्याचे स्फटिक सांध्यात साचण्याच्या आजाराने) वरचेवर रात्रीतून लाल होऊन सुजतो, तर गोळ्या न घेता चिनी वनौषधी व पथ्यावर भागेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते भागणार नाही. चिनी वैद्यक या दुखण्याकडे बहुधा उष्णता व ओलावा साचल्याचा दोष म्हणून पाहते आणि त्यावर ‘सी म्याओ सान’ हे चार वनस्पतींचे चूर्ण देते. परंतु ॲरिस्टोलोकिक आम्ल हे विषारी द्रव्य असलेल्या काही चिनी वनस्पतींनी मूत्रपिंडे कायमची निकामी झालेली आहेत, त्यामुळे घटक न छापलेली पुडी घेऊ नये.

पथ्य म्हटले की आपल्याकडे आधी डाळ आणि हुलग्याचे कढण बंद होते, रविवारचा मटणाचा रस्सा, कलेजी, सुकी मासळी व बिअर मात्र चालूच राहते. खरे तर उलट हवे, कारण डाळींमुळे गाऊटचा धोका वाढल्याचे आढळलेले नाही. साय काढलेल्या दह्याचे ताक चालते, गोड शीतपेये नकोत.

तरीही पथ्याने युरिक आम्ल थोडेच उतरते. ते डेसिलिटरला ६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवण्यासाठी, वारंवार झटके येणाऱ्यास ॲलोप्युरिनॉलसारखी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज घ्यावी लागते, आणि सूज ओसरली म्हणून ती मध्येच सोडायची नसते.