सगळ्या वाहिन्या सारख्याच असतात का?

स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. आपली कन्या मराठी विषय घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला वृत्तवाहिनीत किंवा मालिकालेखनात जायचे आहे. "शेवटी सगळी चॅनेल सारखीच, मालक सांगेल तेच करायचे, मग त्यासाठी पत्रकारितेच्या शिक्षणावर पैसे कशाला घालवायचे?" असे आपण विचारले आहे. मालकाचा प्रभाव असतो हे मला पूर्ण मान्य आहे, मात्र 'सगळी सारखीच' हे मान्य नाही.

आपल्या घरी दिसणाऱ्या वाहिन्यांचेच उदाहरण घेऊ. 2007 साली परकीय मालकीच्या स्टार समूहाची 'स्टार माझा' सुरू झाली तेव्हा वृत्तवाहिनीत परकीय भांडवलाला 26 टक्क्यांची मर्यादा होती, त्यामुळे तिच्यात बहुसंख्य वाटा कोलकात्याच्या आनंदबाजार समूहाचा होता. 2012 मध्ये स्टार बाहेर पडली आणि वाहिनी 'एबीपी माझा' झाली. मनोरंजनाच्या वाहिनीला ही अट नव्हती, म्हणून 2008 ची 'स्टार प्रवाह' स्टारकडेच राहिली. पुढे स्टार डिस्नेकडे गेली. नोव्हेंबर 2024 मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचे भारतातील माध्यम व्यवसाय एकत्र आले आणि तोवर एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या डिस्नेच्या 'स्टार प्रवाह' व रिलायन्सच्या 'कलर्स मराठी' एकाच छत्राखाली आल्या. नव्या लेखकाच्या दृष्टीने ही गोष्ट गंभीर आहे, कारण एका दारातून नकार मिळाल्यावर ठोठावायचे एक स्वतंत्र दार कमी झाले.

वृत्तवाहिनीत मालकाचा हात दिसतो तो बहुधा पैसा कुठे खर्च होतो यावरून. तालुक्याच्या गावी पगारी वार्ताहर ठेवायचा की बातमीमागे पैसे घेणाऱ्या स्ट्रिंगरवर काम भागवायचे, दुष्काळी गावात कॅमेरा पाठवायचा की स्टुडिओत चौघांना बसवून चर्चा लावायची, हे निर्णय जाहिरातींचे उत्पन्न आणि मालकाचे इतर उद्योग पाहून होतात. राजकीय पक्षांना प्रसारण क्षेत्रात येऊ देऊ नये, अशी शिफारस दूरसंचार व प्रसारण क्षेत्राची नियामक संस्था असलेल्या ट्रायने 2014 मध्ये केली होती. ती अमलात यायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

मालिकांचे गणित वेगळे आहे. वाहिनी निर्मितीसंस्थेला एपिसोडमागे पैसे देते आणि कथेचे हक्क सहसा स्वतःकडे ठेवते. 'श्रीमोयी' ही बंगाली मालिका 2019 मध्ये स्टार जलशावर आली, त्याच वर्षी ती 'आई कुठे काय करते' म्हणून स्टार प्रवाहवर आली आणि 2020 मध्ये 'अनुपमा' म्हणून स्टार प्लसवर. कथेचा सांगाडा मालकाच्या एका वाहिनीतून दुसरीत फिरत राहिला, पण मराठीत ते देशमुखांचे घर झाले आणि हिंदीत अहमदाबादच्या शहांचे. सासूने सुनेला कोणत्या शब्दांत टोचून बोलायचे, सणाला ताटात काय वाढायचे, मुलगी वडिलांना अरेतुरे करते की अहोजाहो, हे ठरवायला त्या मातीतलेच माणूस लागते. आपल्या कन्येचे मराठी कामाला येईल ते इथे. कामाचा ताण मात्र मोठा असतो: माझी एक विद्यार्थिनी संवाद लिहिते, गुरुवारी टीआरपी आला आणि आकडा घसरलेला असला की तिचा लिहून झालेला आठवड्याचा ट्रॅक, म्हणजे कथेचा ओघ, बदलतो आणि दुसऱ्या दिवशीच्या शूटिंगसाठी रात्रीत नवे सीन द्यावे लागतात.

म्हणून माझे सांगणे असे की, महागड्या अभ्यासक्रमाचे शुल्क आत्ताच भरू नये. निकालानंतर तिने तीन महिने जिल्ह्याच्या दैनिकात बातमीदारी करावी, आणि त्याच काळात रोज एक मालिका नेमाने पाहून तिचे दहा सीन स्वतःच्या संवादांत पुन्हा लिहावेत. यांपैकी कोणत्या कामाला ती सकाळी आपणहून बसते, ते आपल्याला घरातच दिसेल. पत्रकारितेकडे कल दिसला तर शिक्षण जरूर घ्यावे, पण संस्थेत विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष वार्तांकनाला बाहेर पाठवतात का, हे आधी जाऊन पाहावे. मालिकेकडे वळली तर पहिल्या करारात श्रेयनामावलीत तिचे नाव येणार का, लिहून घेतलेला पण न वापरलेला एपिसोड मानधनात धरला जाणार का, आणि मालिका दुसऱ्या भाषेत गेल्यास तिला काही मिळणार का, या तीन गोष्टी लेखी असाव्यात.

तिने लिहिलेले दहा सीन आणि दोन-चार बातम्यांची कात्रणे मला पाठवावीत; ती वाचून मी थेट तिलाच सविस्तर लिहीन.

कळावे,
आपला स्नेहांकित