पार्किंगला ब्लॉक, गच्चीला चुना की सोलर? वाचकांचे प्रश्न

यावेळी सोलर आणि ईव्हीचे प्रश्न ढिगाने आलेत, पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो बाणेरचा, म्हणून त्यालाच जास्त जागा देतेय. बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न: ताई नमस्कार. आमची बाणेरला मोठी सोसायटी आहे. मार्चपासून टँकर सुरू होतात ते पाऊस लागेपर्यंत, आणि पाऊस लागला की बेसमेंट पार्किंगमध्ये पाणी. आता कमिटीला उरलेली बाग काढून तिथे पेव्हर ब्लॉक टाकायचेत, गाड्या वाढल्यात म्हणून. मी नको म्हटलं तर म्हणतात ब्लॉकच्या फटीतून पाणी मुरतंच की. खरंय का हे?
– एक सभासद, बाणेर

उत्तर: मुरतं, पण ब्लॉकच्या खाली काय आहे त्यावर. बऱ्याच ठिकाणी खाली मुरूम टाकून रोलर फिरवतात, कधी तर सरळ पीसीसी म्हणजे साधं काँक्रीट करतात, वर फटींमध्ये धूळ आणि गाड्यांचं ऑइल बसतं आणि मग काही पावसाळ्यांत ते फरशीसारखंच वागायला लागतं. कमिटीला एवढंच विचारा की खालच्या थराचं ड्रॉइंग दाखवा. उन्हाळ्यातला टँकर आणि पावसाळ्यातलं बेसमेंट, दोन्हीचं मूळ त्याच झाकलेल्या जमिनीत आहे, आणि तुम्ही अजून झाकायला निघालात.

हिशोब सोपा आहे, मीटिंगमध्ये फळ्यावर मांडा. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पडतो, म्हणजे तुमच्या सगळ्या बिल्डिंगच्या गच्च्या मिळून 1,000 चौरस मीटर धरल्या तरी 7 लाख लिटर झालं. वाफ, गळती, पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडलं तरी 5 लाख लिटर हाताशी राहतं. 10,000 लिटरचे 50 टँकर! आणि हे पाणी आत्ता कुठे जातं तर पाइपातून गटारात, तिथून रामनदीत, आणि मग नदीला पूर आला की आपणच नदीला नावं ठेवतो. (नदीपात्रात भराव कुणी टाकला ते सोडा.)

हेच पाणी गाळून बोअरमध्ये सोडता येतं, पण आता थोडं गार पाणी पण ओतते. आपला दगड बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ, त्यात पाणी भेगांतून फिरतं. तुम्ही तुमच्या बोअरमध्ये सोडलेलं पाणी तुमच्याच बोअरला मिळेल याची गॅरंटी कोणी देऊ नये, ते शेजारच्या सोसायटीला पण मिळू शकतं. म्हणून आजूबाजूच्या चार-पाच सोसायट्या मिळून केलं तर खरा उपयोग. फक्त गच्चीचंच पाणी गाळून सोडायचं, पार्किंगचं ऑइलवालं पाणी बोअरमध्ये अजिबात नाही, एकदा ते खाली गेलं की काढणार कसं? पुणे महापालिका रेनवॉटर हार्वेस्टिंग, सोलर, गांडूळखत यातलं काही चालू असलं तर मिळकतकरात सूट देते, एकाला 5 टक्के, दोन असतील तर 10. कमिटीला पर्यावरण सांगून उपयोग नसेल तर हे सांगा.

आणि हो, तुमचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट, चालू आहे का? मोठ्या सोसायट्यांमध्ये तो बांधलेला असतो, वीजबिल नको म्हणून बंद असतो आणि फ्लशला टँकरचं पाणी वापरतात. नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांना देतात हो, आणि आपल्याला आपली बाग पण त्यावर भिजवता येऊ नये?

प्रश्न: आम्ही नागपूरला वरच्या मजल्यावर राहतो. स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला असतो, कूलर लावून पण झोप नाही, आईंचं वय 74. एसी घ्यावा का? पण मग पर्यावरणाचं काय?
– एक गृहिणी, नागपूर

उत्तर: आईंसाठी एसी लागला तर घ्या, त्यात अपराधी वाटून घेऊ नका. 24 वर ठेवा आणि पंखा लावा. ऊर्जा बचतीचं काम बघणारी सरकारी संस्था सांगते की तापमान एक डिग्री वर ठेवलं की साधारण 6 टक्के वीज वाचते.

पण आधी गच्चीवर चढा. उन्हाळ्याच्या तोंडावर गच्ची झाडून चुन्याचे दोन हात द्या, नाहीतर बाजारात मिळतो तो पांढरा कूल रूफ पेंट. ऊन परत फेकलं जातं, खालची खोली दोन ते पाच डिग्रीने कमी तापते. चुना पावसात जातो, दरवर्षी द्यावा लागतो, पण खर्च एसीच्या जवळपास पण जात नाही.

उन्हाला आपण अजून संकट म्हणून धरत नाही हा माझा जुना राग आहे. मे 2010 मध्ये अहमदाबादला पारा 46.8 ला गेला आणि नेहमीच्या मे महिन्यापेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाले, तेव्हा कुठे शहर जागं झालं आणि 2013 मध्ये त्यांनी उष्णतेसाठीचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. त्यात काय होतं तर आधीच इशारा द्यायचा, दवाखान्यांना तयार ठेवायचं, पाणी आणि सावलीची सोय करायची, म्हणजे रॉकेट सायन्स काही नाही. आईंनी दुपारी बाहेर पडू नये, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं किंवा अंग खूप तापलं तर लिंबूपाणी करत बसू नका, अंगावर गार पाणी मारत सरळ दवाखाना.

प्रश्न: देश म्हणतो 2070 ला नेट झिरो (जेवढा कार्बन सोडतो तेवढाच शोषायचा), मुंबई म्हणते 2050. तोपर्यंत मी साठीला टेकेन. आमच्या सोसायटीने सोलर लावून काय फरक पडणार?
– एक विद्यार्थिनी, मुलुंड

उत्तर: तुझी चीड बरोबर आहे, तारखा लांबच्या दिल्या की आज कोणाला जाब विचारता येत नाही. पण मुंबईचा 2022 चा हवामान कृती आराखडा उघडून बघ, शहराच्या उत्सर्जनाचा 72 टक्के भाग इमारतींमध्ये लागणाऱ्या ऊर्जेचा आहे, ट्रॅफिकचा 20. बोंब मारतो आपण गाड्यांवर. वीज येते मुख्यतः कोळशातून, म्हणून लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे हे गच्चीवरच्या उन्हावर चालवणं म्हणजे शोबाजी नाही.

एक किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट जागा, दिवसाला चारेक युनिट. 20 किलोवॅट बसवले तर महिन्याला 2,400 युनिटच्या आसपास, आणि केंद्राच्या सूर्यघर या गच्चीवरच्या सोलरच्या योजनेत सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॅटमागे 18,000 अनुदान आहे, म्हणजे 3,60,000. शेजारी टॉवर उठणार आहे का ते मात्र आधी बघा, सावली पडली की सगळं गणित बोंबललं. पॅनेलने सगळी गच्ची भरत नसेल तर उरलेल्या भागाला नागपूरच्या उत्तरात सांगितलेला चुना.

प्रश्न: रस्ता रुंदीकरणात आमच्याकडचे जुने वड तोडणार म्हणे, बदल्यात दुसरीकडे रोपं लावणार. काही करता येतं का?
– एक ज्येष्ठ नागरिक, नाशिक

उत्तर: येतं काका, पण घाई करा. झाडावर नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात आणि मुदत सात दिवसांचीच असते, म्हणून रोज फिरायला जाता तेव्हा खोडाकडे बघत चला. राज्याच्या झाडं जपण्याच्या कायद्यात 2021 ला झालेल्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरची झाडं वारसा झाडं धरली जातात आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावावी लागतात. वडाचं वय त्यांनी किती लिहिलंय ते आधी विचारा. 80 वर्षांचा वड 30 चा दाखवला तर 50 रोपं तिथेच गायब. हरकत लेखीच द्या, पोच घ्या, आणि रस्ता थोडा वळवून झाड वाचतं का याचा नकाशा मागा.