पायथॉनमध्ये क्लॅम्प (आकडा दोन लिमिटच्या आत ठेवणारं फंक्शन) का नाही, बाकी लँग्वेजमध्ये तर आहे ना?

हो आहे की, रुबीत २.४ व्हर्जनपासून, सी प्लस प्लसमध्ये १७ पासून, रस्टमध्ये १.५० पासून, जावात तर थेट २१ मध्ये आलं म्हणजे इतकी वर्षं सगळे मिन-मॅक्सच लिहीत बसले होते. पायथॉनच्या मॅथ मॉड्यूलमध्ये ३.१३ पर्यंत तरी नाहीये, तिथे एक्स हा आकडा ० ते १०० मध्ये ठेवायचा तर आधी एक्स आणि ० चा मॅक्स (मोठा आकडा) काढायचा, मग त्याचा आणि १०० चा मिन (लहान आकडा), झालं काम. पण मॅक्सच्या जागी मिन आणि मिनच्या जागी मॅक्स लिहिलं ना की उत्तर कायम १००च येतं, मी एकदा व्हॉल्यूमच्या स्लायडरला हे केलंय, कानठळ्या बसल्या 😅

आता पायथॉनमध्ये एका ओळीचं फंक्शन ॲड करायला एवढा वाद कशाला? तर खालची लिमिट वरच्यापेक्षा मोठी दिली तर काय करायचं यावर एकमत नाही. रस्ट पॅनिक होतं (म्हणजे एरर देऊन तिथेच थांबतं), जावा एक्सेप्शन म्हणजे एरर टाकतं, सी प्लस प्लस म्हणतं तुमचं तुम्ही बघा, आणि सीएसएसमध्ये गुपचूप खालची लिमिट जिंकते. नॅनचा (‘नॉट अ नंबर’, म्हणजे आकडाच नसलेली व्हॅल्यू) घोळ वेगळाच, पायथॉनमध्ये मॅक्सला आधी ० मग नॅन दिलं तर ० मिळतो, उलटं दिलं तर नॅन. मला विचाराल तर जावासारखी एररच बरी.