पाहुणा पाळीनेच

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

गावात पर्यटकांना घरोघरी उतरवायचं काम काढताय, ते पत्र मिळालं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा जरा रागच आला. चार पानांतली अडीच वेबसाइट आणि फलकावर, आणि खरी गोष्ट शेवटच्या दोन ओळींत: ज्यांची घरं चांगली त्यांनाच पाहुणे द्यावेत असं चौघांचं म्हणणं आहे, काय करू?

काय करू म्हणजे? पाहुणा पाळीने जाईल. विषय संपला.

संस्था नोंदवायची की बचत गटावरच भागवायचं, ते मागाहून बघ. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः वल्हं मारून कांदळवन दाखवतात. त्यांचं कुठे अडलंय? 1960 च्या सहकार कायद्याखाली नोंदवलीस तर वेगवेगळ्या घरांतली निदान दहा माणसं लागतील, 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीला. एक सभासद, एक मत हेही कायद्यातच आहे. पण सभा वर्षातून एकदा, पाहुणा दर शनिवारी. भांडणं शनिवारी होतात रे. म्हणून वही हवी. तारीख, घर, माणसं किती, शाकाहारी किती. आणि ती वही देवळाच्या ओटीवर, कोणालाही उघडून बघता येईल अशी. सेक्रेटरीच्या कपाटात नाही.

आमची वही माझ्याच कपाटात होती.

नाताळच्या आठवड्यात बावीस जणांची पार्टी आली. पाळी वाडीच्या टोकाच्या वहिनींची आणि शेजारच्या दोन घरांची. वहिनींची न्हाणी अंगणापलीकडे. पार्टीच्या म्होरक्याने तोंड वाकडं केलं आणि मी सगळी माणसं पुतण्याकडे वळवली. त्याच्याकडे खोलीला लागून संडास. वहिनींनी आंबोळ्यांचं पीठ आंबवून ठेवलं होतं, गोधड्या उन्हात घातल्या होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. सकाळी आमच्याकडे ताटभर आंबोळ्या आल्या, वर फडकं झाकून. त्या घशाखाली कशा उतरल्या ते मलाच ठाऊक.

पुढच्याच मे महिन्यात वहिनींच्या मुलाने वाळूवाल्यांना होडी दिली. मी तावातावाने गेलो, खाडी वाचवायची भाषा केली. तो म्हणाला, "काका, खाडी तुमच्या पुतण्याची. त्यालाच राखायला सांगा."

आता कळलं मी पाळी पाळी का करतोय? रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून कासवांचं काम उभं केलं. तिथे पिल्लं समुद्रात जाताना बघायला येणारे गावातल्या घरांतच उतरतात, जेवतात. अंडं वाळूत राहिलं तर आपल्या चुलीवर भात जास्त चढतो, हे घराघरांत कळावं लागतं. चारच घरांना कळून भागत नाही. उरलेल्यांनी कासव का राखावं? तुमच्या फलकासाठी?

तू म्हणशील, पाहुणा नाराज होऊन परत गेला तर? जाईल. मीही तोच हिशेब केला होता. संस्थेच्या कर्जाचा हप्ता थकला होता, ती पार्टी तालुक्याच्या लॉजवर गेली असती तर वहिनींना तरी काय मिळालं असतं? कधी कधी अजून वाटतं, माझं फारसं चुकलं नाही. मग ते ताट आठवतं. पुतण्याऐवजी दुसऱ्या कोणाचं घर असतं तर वळवली असती का मी पार्टी? सोड.

दर पाहुण्यामागे संस्था जे कापेल, त्यातून आधी पडक्या न्हाण्या बांधा. वेबसाइट नंतर. ज्याची न्हाणी धड नाही त्याची पाळी पुढे ढकला हवी तर, पण वहीत तसं लिहून, त्याच्या सहीने. खोडायची नाही. त्या चौघांना हे तूच सांग, माझं नाव पुढे करू नकोस. माझं नाव काढलंस तर ते पुतण्याचं नाव काढतील.

सप्टेंबरच्या सभेला बोलाव, येईन. मुक्काम मात्र ज्याची पाळी असेल त्याच्याकडे, न्हाणी कुठेही असो.

तुझा,
काका