आधी रेघ ओढ, लेकरा

लेकरा,

तुझ्या आईनं पाठवलेले वहीचे फोटो पाहिले. −३ आणि ५ मधलं अंतर तू २ लिहिलंस. पुढच्या गणितात −७ आणि −२ मधलं अंतर −५. खाली पेन दाबून लिहिलंस, 'मला जमत नाही.' अगं, −७ मधून −२ वजा केले की −५च येतात, ती वजाबाकी चोख आहे. पण पान उलटून पालटून पाहिलं, संख्यारेषा कुठंच नाही! आधी रेघ ओढ.

नववीचा नियम तुला पाठच आहे: मोठ्या निर्देशकातून लहान निर्देशक वजा करायचा. निर्देशक म्हणजे रेघेवर त्या बिंदूपाशी असलेली संख्या. पण मोठा कोणता? रेघेवर जो उजवीकडे तो. −२ हा −७ च्या उजवीकडे आहे, म्हणून −२ − (−७), म्हणजे ५. अंतर ऋण येतच नाही. शून्य येतं ते दोन्ही बिंदू एकच असले तरच.

आता पहिलं गणित, −३ आणि ५ चं. त्याआधी आपली विहीर बघ. विहिरीतलं पाणी जमिनीखाली ४० फुटांवर आहे आणि टाकीचं तोंड जमिनीपासून १५ फूट वर. मोटारीला पाणी किती फूट चढवावं लागेल? तुझे बाबा २५ म्हणतील का? ५५ म्हणतील, कारण जमिनीला त्यांनी शून्य धरलेलं असतं. १५ − (−४०) = ५५. तसंच ५ − (−३) = ८. शून्याच्या दोन बाजूंचे बिंदू असले की घाई करू नकोस. रेघ ओढ.

या रेघेपायी मी पुष्कळ बोलणी खाल्ली. अभ्यासक्रम मागं पडतो म्हणून वरून विचारणा झाली, काही पालकांनी लेकरं उचलून शिकवणीला घातली. त्या लेकरांची खंत अजून वाटते. ती बिंदू न पाहताच उत्तर लिहायला शिकली. मी मात्र हट्ट सोडला नाही, आणि आज पुन्हा फळ्यापुढं उभा राहिलो तरी सोडणार नाही. पुढं केवलमूल्याच्या, म्हणजे शून्यापासूनच्या अंतराच्या, चिन्हात क्ष − २ लिहून ते ५ पेक्षा लहान आहे असं गणित येईल. शिकवणीची पोरं तिथं सूत्र शोधत बसतात. रेघवाल्याला दिसतं की २ पासून ५ एककांच्या आतले बिंदू हवेत, म्हणजे −३ आणि ७ च्या मधले. यात पाठ काय करायचं?

दरम्यानतेचंही, म्हणजे एक बिंदू दुसऱ्या दोघांच्या मधे असण्याचंही, तसंच. क-ख अंतर ७, ख-ग ३ आणि क-ग १० असेल, तर तिन्ही बिंदू एका रेषेत आहेत आणि ख मधे आहे. ७ आणि ३ ची बेरीज करण्याआधी तिन्ही बिंदू मांड, म्हणजे कोणत्या दोन अंतरांची बेरीज करायची ते विचारावं लागणार नाही.

आणि पान २ वरचं अर्धवट गणित: −२ पासून ६ एकक अंतरावरचे बिंदू. तू ४ लिहून थांबलीस. डावीकडंही चाल ना गं! −८ राहिला. ते गणित पुन्हा सोडव आणि या वेळी फोटोत मला रेघ दिसू दे.

तुझे सर